वातानुकूलन यंत्राचा थंडावा का थांबतो?

मुंबईच्या उपनगरांत उन्हाळ्याची पहिली खरी झळ मार्च महिन्यात लागते. या दिवसांत पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा दुपारपर्यंत वाहत राहतो, समुद्रावरून येणारा वारा उशिरा पोहोचतो आणि सांताक्रूझ वेधशाळेतील पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. याच वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. पुढे एप्रिल-मे महिन्यांत पारा थोडा उतरतो. तथापि हवेतील दमटपणा वाढतो आणि घामाने जीव नकोसा होतो.

एकेकाळी वातानुकूलन ही चित्रपटगृहे, बँका आणि मोठ्या कचेऱ्या यांपुरती मर्यादित असलेली सोय होती. आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील गृहनिर्माण संस्थांच्या आणि म्हाडाच्या वसाहतींतील असंख्य खिडक्यांबाहेर ही यंत्रे दिसतात. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी देशातील पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी सुरू झाली. वातानुकूलन मध्यमवर्गीयांच्या दैनंदिन जीवनात किती खोलवर शिरले आहे, याची ती एक खूण होय.

या यंत्रासंबंधीची सर्वांत सामान्य तक्रार एकच असते: “एसी चालू आहे, वारा येतो, पण खोली थंड होत नाही.” या तक्रारीवर तितकेच सामान्य उत्तर मिळते: “गॅस संपला आहे, भरावा लागेल.” घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर कुटुंब अधिक विचार न करता पैसे मोजते. पुढील उन्हाळ्यात तीच तक्रार आणि तोच खर्च पुन्हा उभा राहतो. वस्तुतः थंडावा थांबण्याची पुष्कळशी कारणे हवेच्या अडलेल्या वाटेत आणि साचलेल्या धुळीत असतात. ती ओळखण्यास तांत्रिक शिक्षणाची आवश्यकता नसते. आणि वायू खरोखरच कमी झाला असेल, तर तो गळतीमुळेच कमी झालेला असतो. या दोन गोष्टी ग्राहकाने समजून घेतल्या, तर त्याच्या पैशाची, विजेची आणि प्रसंगी कारागिराच्या जिवाचीही राखण होऊ शकेल.

यंत्राचे कार्य

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ते खोलीतील उष्णता उचलून घराबाहेर नेऊन टाकते. मडक्यातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच तत्त्व येथेही आहे. मडक्याच्या पृष्ठभागावर झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती होताना आतील पाण्याची उष्णता शोषली जाते. यंत्रात पाण्याऐवजी शीतकवायू असतो आणि तो बंद नळ्यांतून सतत फिरत राहतो.

या फेऱ्यात चार टप्पे असतात. घराबाहेरील पेटीत असलेला कॉम्प्रेसर शीतकवायू दाबतो आणि त्यामुळे तो तापतो. हा तप्त वायू बाहेरच्या जाळीदार कॉइलमधून जाताना पंख्याच्या वाऱ्याने आपली उष्णता सोडतो आणि द्रवरूप होतो. त्यानंतर अतिशय बारीक नळीतून किंवा झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो व तो थंडगार होतो. अखेरीस घरातील कॉइलमध्ये येऊन तो खोलीच्या हवेतील उष्णता शोषतो, पुन्हा वायुरूप होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. या चार टप्प्यांपैकी एकाही ठिकाणी अडथळा आला की थंडावा थांबतो. म्हणून यंत्रातील बिघाड शोधणे म्हणजे उष्णतेची वाट कोठे अडली आहे, हे शोधणे होय.

यंत्राचे आणखी एक काम मुंबईकरांच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे आहे, ते म्हणजे हवेतील ओलावा काढून टाकणे. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभच या गरजेतून झाला. अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली आपली योजना आखली. आपल्या घरातील थंड कॉइलवरही हवेतील बाष्प थेंबांच्या रूपाने जमते आणि नळीवाटे बाहेर जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी दीड टन क्षमतेच्या यंत्रातून तासाला दोन लीटर पाणी निथळत असेल, तर यंत्राच्या शक्तीचा सुमारे पाव हिस्सा त्या कामातच खर्ची पडतो. त्यामुळे दमट दिवसांत खोली थंड होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला, तर तो लगेच बिघाड समजू नये.

‘टन’ या शब्दाविषयीही पुष्कळ गैरसमज आढळतो. त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता त्याच गतीने काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या भाषेत ती सुमारे ३.५ किलोवॅट होते.

घरच्या घरी करावयाची पाहणी

कारागिरास बोलावण्यापूर्वी पुढील पाहणी क्रमाने करावी. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

प्रथम रिमोट पाहावा. यंत्र ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ या पर्यायावर गेले असेल, तर वारा येत राहतो. परंतु अपेक्षित थंडावा मिळत नाही. ‘कूल’ हा पर्याय निवडावा, तापमान खोलीच्या तापमानापेक्षा बरेच खाली आणावे आणि पंख्याचा वेग वाढवावा. टायमर लावलेला नाही याची खात्री करून घ्यावी. यंत्र बंद करून लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे सुरू होत नाही. कॉम्प्रेसरच्या संरक्षणासाठी ही योजना मुद्दाम केलेली असते. या अवधीत पुनःपुन्हा बटणे दाबणे व्यर्थ होय.

दुसरी पाहणी विजेच्या पुरवठ्याची. काही घरांत आतला भाग आणि बाहेरचा भाग यांची विजेची जोडणी वेगवेगळी असते. अशा वेळी बाहेरच्या भागाचा एमसीबी पडला, तर घरात केवळ वारा येत राहतो. एमसीबी एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. मात्र तो पुन्हा पडल्यास तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये, कारण तो दोषाची सूचना देत असतो. स्टॅबिलायझर असल्यास त्यावरील व्होल्टेजचा आकडा पाहावा. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या आसपास अपेक्षित असतो. सायंकाळी सर्व घरांतील यंत्रे एकदम चालू झाल्यावर तो बराच उतरत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू न होण्याचे कारण तेथेच सापडते. त्यासाठी वीज वितरण कंपनीकडे तक्रार नोंदवावी. अंधेरी, बोरिवली आणि घाटकोपर या भागांत, जेथे १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी वीजपुरवठा करीत असे, तेथील वितरणाचे काम २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. टाटा पॉवरचेही ग्राहक उपनगरांत आहेत, तर मुलुंड व भांडुप येथे महावितरणचे जाळे आहे. आपले देयक कोणाकडून येते ते पाहून त्या कंपनीकडे जावे. प्लग काळवंडला असेल, गरम लागत असेल अथवा जळका वास येत असेल, तर मुख्य स्विच तत्काळ बंद करावा. वातानुकूलन यंत्र एक्स्टेन्शनच्या वायरीवर कधीही चालवू नये.

तिसरी आणि सर्वांत फलदायी पाहणी फिल्टरची. आतल्या भागाचे झाकण वर उचलले की प्लॅस्टिकच्या चौकटीतील बारीक जाळी दिसते. तिच्यावर धुळीचा थर बसला की कॉइलपर्यंत पुरेशी हवा पोहोचत नाही. कॉइल थंड असूनही खोली गरम राहते, वीज मात्र खर्च होत राहते. यंत्र बंद करून जाळी काढावी, साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि पुन्हा बसवावी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे काम करावे. पुनर्विकासाचे किंवा रस्त्याचे बांधकाम शेजारी चालू असेल, तर आठवड्यातून एकदा करणे इष्ट ठरते.

चौथी पाहणी बर्फाची. आतल्या कॉइलवर किंवा तांब्याच्या नळीवर बर्फ साचलेला दिसला, तर थंडावा अधिक झाला असे समजू नये. अपुऱ्या हवेमुळे किंवा शीतकवायू कमी झाल्यामुळे कॉइलचे तापमान शून्याखाली जाते, तिच्यावरील बाष्प गोठते आणि हवेची वाट अधिकच बंद होते. अशा वेळी ‘फॅन’ या पर्यायावर यंत्र दोन-तीन तास चालवून बर्फ वितळू द्यावा. सुरीने अथवा स्क्रूड्रायव्हरने तो खरवडू नये. नळीस भोक पडल्यास सर्व वायू निघून जातो. बर्फ वितळल्यावर स्वच्छ फिल्टर लावून यंत्र चालवावे. पुन्हा बर्फ जमला तर कारागिरास बोलावणे आवश्यक होय.

पाचवी पाहणी निथळणाऱ्या पाण्याची. बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकत असणे हे कॉइल थंड होत असल्याचे लक्षण आहे. पाणी खोलीत भिंतीवरून ओघळत असेल, तर बहुधा ती नळी शेवाळ व मळ यांमुळे तुंबलेली असते. तो थंडाव्याचा दोष नव्हे आणि त्यासाठी वायू भरण्याचे कारणही नाही.

शेवटी एक सोपे मोजमाप करावे. दारे-खिडक्या बंद करून यंत्र सर्वांत कमी तापमानावर पंधरा-वीस मिनिटे चालवावे. साध्या तापमापकाने यंत्रात वरून शिरणाऱ्या हवेचे आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान घ्यावे. या दोहोंत साधारणतः ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे असे समजावे. हवा फार दमट असल्यास हा फरक थोडा कमी भरतो. फरक पुरेसा असूनही खोली थंड होत नसेल, तर दोष यंत्रात नसून खोलीत आहे.

खोलीचे दोषही अनेक असतात. शेवटच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडीत असतो. पश्चिमेकडील काचेच्या खिडकीतून दुपारचे ऊन आत येते. दाराखालील फटीतून दमट हवा शिरत राहते. सुमारे १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टन आणि १८० चौरस फुटांपर्यंत दीड टन हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. परंतु बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एकत्र केले असल्यास तो लागू पडत नाही. जाड पडदा, फटीवरील रबरी पट्टी आणि गच्चीवर लावलेला पांढरा परावर्तक रंग हे अशा ठिकाणी कोणत्याही दुरुस्तीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

बाहेरच्या पेटीची अवस्था

घरातील भागाकडे सर्वांचे लक्ष जाते. बाहेरची पेटी मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. खोलीतून गोळा केलेली सर्व उष्णता तिलाच बाहेर टाकावयाची असते. तिच्या कॉइलवर धूळ बसली किंवा तिच्यापुढे अडथळा आला, तर उष्णता बाहेर पडत नाही, आतील दाब वाढतो आणि अखेर कॉम्प्रेसर स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो. सकाळी बरे चालणारे यंत्र दुपारी एकाएकी थंडावा देईनासे होते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

उपनगरांतील राहणीमुळे या दोषास विशेष वाव मिळतो. अनेक इमारतींत बाहेरच्या पेट्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसविलेल्या असतात. खालच्या मजल्यावरील यंत्राने सोडलेली गरम हवाच वरच्या यंत्रास घ्यावी लागते. काही ठिकाणी ग्रिलमध्ये पेटी बसवून तिच्यापुढे कुंड्या, जुने सामान किंवा ताडपत्री लावली जाते. कबुतरे पेटीमागे घरटी करतात. त्यांची पिसे व विष्ठा कॉइलमध्ये अडकते. पावसाळ्यात लावलेले प्लॅस्टिकचे आच्छादन काढण्याचे विस्मरण होते. पेटीच्या तोंडासमोरची जागा मोकळी ठेवणे आणि उन्हाळ्यापूर्वी एकदा तिची कॉइल पाण्याने धुऊन घेणे, हे दोन उपाय केले तरी अनेक तक्रारी उद्भवणार नाहीत.

खारी हवा ही दुसरी अडचण होय. वर्सोवा, गोराई यांसारख्या समुद्राजवळच्या आणि खाडीलगतच्या वस्त्यांत क्षारयुक्त ओलाव्याने कॉइलवरील ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा भुगा होतो. उघड्या नाल्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याच्या नळ्यांना गंजवतो आणि त्यांतून सूक्ष्म गळती सुरू होते. नवीन यंत्र घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे किंवा नाही, हे विचारून घेणे या भागांतील रहिवाशांच्या हिताचे आहे.

घरातील व्यक्तींनी ही पेटी खिडकीतून केवळ पाहावी. पंखा फिरतो का आणि कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते का, एवढेच लक्षात घ्यावे. पंखा फिरत नसेल, तर यंत्र बंद करावे. पंख्याचा अथवा कॉम्प्रेसरचा कॅपॅसिटर निकामी होणे हा नेहमी आढळणारा आणि तुलनेने स्वस्तात दूर होणारा दोष आहे. मात्र वीज बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो आणि त्याचा जबर धक्का बसू शकतो. म्हणून पेटी उघडण्याचे काम घरच्या माणसाने करू नये. कधी कधी पाल आत शिरून इलेक्ट्रॉनिक पाटीवर चिकटल्यानेही यंत्र बंद पडते. तो दोष शोधणे हेही कारागिराचेच काम होय.

गॅस ‘संपतो’ का?

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅस जळतो, म्हणून तो संपतो. वातानुकूलन यंत्रातील शीतकवायू जळत नाही, झिजत नाही आणि जुनाही होत नाही. तो बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. यंत्र निर्दोष असेल, तर कारखान्यात भरलेला वायू यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. “दरवर्षी थोडा गॅस भरावाच लागतो” या विधानास म्हणूनच शास्त्रीय आधार नाही. वायू कमी झाला याचा अर्थ एकच असतो: कोठेतरी गळती आहे.

गळती बहुधा दोन्ही पेट्यांना जोडणाऱ्या नळीच्या सांध्यात, कॉइलच्या वाकणात किंवा नळी घासली जाते त्या ठिकाणी असते. वायूबरोबर थोडे तेलही बाहेर पडत असल्याने सांध्याजवळ तेलकट डाग दिसणे ही तिची एक खूण होय. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे. काही दिवस अथवा काही महिने थंडावा मिळतो, आणि मग मूळ स्थिती परत येते.

योग्य पद्धतीने काम करणारा कारागीर नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळतीची जागा शोधतो. ती बुजविल्यावर दाब टिकतो की नाही हे पाहतो. नंतर निर्वात पंप लावून नळ्यांतील हवा व ओलावा पूर्णपणे काढून टाकतो. ओलावा आत राहिल्यास तो बारीक नळीत गोठून वाट अडवू शकतो आणि तेलाशी मिसळून कॉम्प्रेसरचीही हानी करतो. शेवटी यंत्रावरील पट्टीवर दिलेल्या वजनाइतकाच वायू तो वजनकाट्यावर मोजून भरतो. जरुरीपेक्षा अधिक वायू भरल्यानेही थंडावा कमी होतो, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते.

यावरून ग्राहकाने विचारावयाचे प्रश्न आपोआप निश्चित होतात. गळती कोठे सापडली? ती बुजविल्यानंतर दाब तपासला का? निर्वात पंप लावला का? कोणता वायू आणि किती ग्रॅम भरला? या प्रश्नांची उत्तरे देयकावर लिहून घ्यावीत. प्रामाणिक कारागिरास यात काहीच अडचण वाटत नाही. उलट, आपले काम समजून घेणारा ग्राहक त्यास हवाच असतो.

वायूचा प्रकार आणि पर्यावरण

शीतकवायूची गळती हा केवळ एका घराचा प्रश्न नाही. क्लोरीनयुक्त वायू वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश करतात, हे १९७४ साली मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यानंतर १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. जुन्या घरगुती यंत्रांत सर्रास असणारा आर-२२ हा वायू याच करारान्वये टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आपल्या देशात नवीन यंत्रांच्या निर्मितीतील त्याचा वापर २०२४ च्या अखेरीस संपुष्टात आला.

त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ या वायूंनी ओझोनला धोका पोहोचत नाही. परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्याची शक्ती त्यांच्यात आहे. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वजनास वजन धरल्यास ही शक्ती आर-३२ मध्ये सुमारे ६७५ पट, आर-२२ मध्ये सुमारे १८०० पट आणि आर-४१०ए मध्ये २००० पटींहून अधिक आहे. म्हणजे आर-२२ चा एक किलो वायू हवेत सोडला, तर त्याचा परिणाम जवळजवळ पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. घाटकोपरशेजारच्या विक्रोळीत मुख्यालय असलेल्या गोदरेज कंपनीने २०१२ साली आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन वायूवर चालणारी यंत्रे बाजारात आणली. त्यांचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य आहे.

तथापि प्रोपेन ज्वालाग्राही आहे आणि आर-३२ देखील सौम्य ज्वालाग्राही आहे. म्हणून यंत्रावरील पट्टीवर लिहिलेला वायूच त्यात भरला गेला पाहिजे. आर-२२ च्या जुन्या यंत्रात स्वस्त पर्याय म्हणून दुसरा वायू भरणे धोक्याचे आहे. दुरुस्ती चालू असताना खोलीची खिडकी उघडी ठेवावी. देवघरातील निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी विझवावी. तसेच धूम्रपान होऊ देऊ नये.

कारागिराची सुरक्षितता

उंच इमारतीच्या सातव्या किंवा दहाव्या मजल्यावर एक पाय छज्ज्यावर आणि दुसरा पेटीच्या लोखंडी ब्रॅकेटवर ठेवून काम करणारा तरुण कारागीर हे उपनगरांतील नेहमीचे दृश्य आहे. त्याच्या कमरेस अनेकदा पट्टा नसतो. ज्या ब्रॅकेटवर तो विसंबतो, तो खाऱ्या हवेने आतून गंजलेला असू शकतो. आपल्या खोलीच्या थंडाव्यासाठी एखाद्या कुटुंबाचा मिळवता माणूस धोक्यात घालणे कोणासही मान्य होणार नाही.

यासाठी प्रत्येक कुटुंबाने काही नियम पाळावेत. सुरक्षा पट्टा आणि दोर यांवाचून कोणासही खिडकीबाहेर उतरू देऊ नये. दोर खिडकीच्या ग्रिलला न बांधता भक्कम आधारास बांधलेला आहे, हे पाहावे. पाऊस चालू असताना बाहेरचे काम करवून घेऊ नये. ब्रॅकेट व त्याचे बोल्ट दरवर्षी तपासून घ्यावेत आणि गंजलेले असल्यास बदलावेत. पेटी निखळून पडल्यास खालून जाणाऱ्या पादचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत या पेट्यांचाही समावेश करावा. नव्या इमारतींत त्यांच्यासाठी माणसास सुरक्षितपणे उभे राहता येईल अशी जागा ठेवण्याचा आग्रह खरेदीदारांनी आधीच धरावा.

कारागीर निवडताना त्याचे प्रशिक्षण विचारावे. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शीतलन कृती आराखड्यातही दुरुस्ती करणाऱ्या एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला आहे. शिकलेल्या हातास योग्य मोबदला देणे अंती स्वस्तच पडते.

तक्रार कोठे करावी?

यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर प्रथम उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राकडेच तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. कॉम्प्रेसरची हमी पुष्कळदा इतर भागांहून अधिक वर्षांची असते. म्हणून खरेदीचे देयक व हमीपत्र फेकून देऊ नये. पैसे घेऊन काम नीट केले नाही अथवा दोष नसलेले भाग बदलले, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तिच्याविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. तेथे समाधान न झाल्यास उपनगरवासीयांना वांद्रे येथील मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासंबंधीच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. अशा वेळी वायूचे वजन व केलेले काम लिहिलेले देयक हाच मुख्य पुरावा ठरतो.

विजेचा विवेकी वापर

दीड टनाचे साधे यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सुमारे दीड युनिट वीज घेते. फिल्टर तुंबलेला असेल किंवा बाहेरची कॉइल मळलेली असेल, तर कॉम्प्रेसर विश्रांतीवाचून चालत राहतो. थंडावा कमी मिळतो आणि देयक वाढते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते यंत्राचे तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर लागतील अशी योजना करण्यात आली. सोबत छताचा पंखा मंद गतीने चालविला, तर २६ अंशांवरही शरीरास पुरेसा आराम मिळतो. रात्री अठरा अंश लावून अंगावर गोधडी घेण्यात विजेचा अपव्यय आहे.

उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारी महिन्यातच यंत्राची सफाई व तपासणी करून घ्यावी. त्या वेळी कारागिरास सवड असते आणि काम घाईने होत नाही. फिल्टर धुण्याचे काम घरातील शाळकरी मुलांकडेही सोपविता येईल. त्या निमित्ताने त्यांना यंत्राचे कार्यही समजेल. आणि इतके करूनही थंडावा थांबलाच, तर वर सांगितलेली पाहणी क्रमाने करावी, तिच्या नोंदी कारागिरापुढे ठेवाव्यात आणि “गॅस संपला” असे उत्तर मिळाल्यास गळती कोठे आहे, हा प्रश्न विनयाने पण ठामपणे विचारावा. उपनगरांतील प्रत्येक कुटुंबाने एवढी दक्षता घेतली, तर पैशाची आणि विजेची मोठी बचत होईल, आणि आपल्या खिडकीबाहेर उतरलेला कारागीर सायंकाळी सुखरूप घरी पोहोचेल.